पदरातल्या चार गाठी

मित्रांनो, मी एक जुना पदर आहे. नुसताच पदर. माझं लुगडं कधीच संपलं, त्याची गोधडी झाली, त्या गोधडीचीही फडकी झाली. मी मात्र टोकाला जाड विणलेला, म्हणून टिकलो.

माझा जन्म मालेगावच्या मागावरचा. रंग जांभळा, काठ तांबडा. वणीच्या चैत्राच्या यात्रेत सावळीरामनं मला आपल्या नव्या बायकोसाठी घेतलं. तिचं नाव लंकाबाई. द्राक्षाच्या बागेत ती डोक्यावर मला घेऊन काम करायची, उन्हानं माझा जांभळा उडून फिका झाला. लंकाबाईला लिहिता येत नव्हतं. लक्षात ठेवायचं असलं की ती माझ्या टोकाला गाठ मारायची. लेकाला, रविराजला, डोस पाजायचा, एक गाठ. शेजारणीचा निरोप द्यायचा, दुसरी गाठ. काम झालं की गाठ सोडायची. त्यात तिचा नेम कधी चुकला नाही. दळताना ती गायची:

गाठ मारिते पदरा, गाठीत माझं मन
विसरले जरी काही, गाठ देई आठवण

एकदा मात्र गाठ कशाची तेच तिला आठवेना. दिवसभर आळीत विचारत फिरली, "माझं काय राहिलंय गं?" सावळीराम हसून म्हणायचा, "बायको माझी अडाणी, पण तिचा पदर शिकलेला हाय." एवढं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

पुढे सावळीराम गेला. रविराजला अंबडच्या कारखान्यात नोकरी लागली आणि लंकाबाई त्याच्याबरोबर पाथर्डी फाट्याजवळच्या घरात राहायला आली. तिथे मी मिक्सर झाकायला लागलो. दहा वर्षं माझ्या अंगाला कुणी गाठ मारली नाही.

मला मिक्सरवरून उचललं ते योगिनीनं, रविराजच्या बायकोनं. "आई, किती मऊ आहे हो हे," म्हणाली, आणि आठव्या महिन्याच्या पोटावर मला पांघरून आडवी झाली.

योगिनीही अंबडलाच कामाला, तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर. बोल्ट तपासायची. हजारात एक वाकडा असला तरी तिच्या बोटांना कळायचा, आणि मोजणी एकानंही चुकायची नाही. पण दिवस गेल्यापासून तिची आठवण पाऱ्यासारखी हातातून निसटायला लागली होती. आमटीत मीठ दोनदा पडायचं. मोबाईल डाळीच्या डब्यात सापडायचा. घरात हसणं व्हायचं, तीही हसायची. पण एका सकाळी, घरात दुसरं कुणी नसताना, दूध गॅसवर ठेवून ती दाराला कुलूप लावून गेली. खालच्या शुभांगीला जळका वास आला, म्हणून निभावलं. त्या दिवसापासून योगिनीचं हसणं थांबलं.

डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या होत्या, "असं होतं पुष्कळजणींचं. झोप पुरत नाही, जीव बाळात अडकलेला असतो. सगळं एकटीनं लक्षात ठेवू नका. पण एक गोष्ट चुकवायची नाही. जेवण झालं की डाव्या कुशीवर निजायचं आणि बाळ किती वेळा हलतं ते मोजायचं. दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. कमी वाटलं तर वाट न बघता निघून यायचं."

कागदावर रेघा मारल्या, तर कागद हरवला. मोबाईलवर मोजलं, तर मध्येच कुणाचा फोन आला आणि मोजणी राहिली. मग तिला मी सापडलो. बाळ हललं की माझ्या टोकाला एक गाठ. दहा झाल्या की सगळ्या सोडायच्या. मित्रांनो, माझ्या म्हातारपणाला पुन्हा नोकरी लागली.

लंकाबाईनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"पोरी, दिवस भरत आलेल्या बाईनं गाठी मारू नयेत. बाळाची वाट अडते."

"आई, लाथा मोजतेय मी. वाट कशाला अडेल?"

"माझ्या टायमाला सासूनं घरातली कुलपं सुद्धा उघडली व्हती. तवा कुठं हा रविराज बाहेर आला."

"त्यांना बाहेर यायला अजूनही वेळच लागतो," योगिनी म्हणाली. दोघी हसल्या आणि बोलणं तिथेच राहिलं. लंकाबाईच्या मनातून मात्र ते गेलं नाही.

त्या बुधवारी जेवण करून योगिनी डाव्या कुशीवर निजली, तेव्हा एक वाजला होता. मी पोटावर होतो, माझं टोक तिच्या मुठीत. पहिली गाठ लवकर बसली. दुसरीला बराच वेळ लागला. तिसरी, चौथी. मग पोट गप्प झालं. रोज माझ्या धाग्यांना खालून ढुशी बसायची. त्या दिवशी अंगणात पाखरू यावं आणि दाणा न टिपताच उडून जावं, तसं वाटत होतं. अडीचच्या सुमाराला योगिनीचा डोळा लागला.

लंकाबाई आत आली. तिनं गाठी पाहिल्या. माझं टोक हळूच मुठीतून सोडवलं, "आई सप्तशृंगी, वाट मोकळी ठेव," असं पुटपुटली आणि एकेक करून चारही गाठी सोडल्या. तीच बोटं, तोच हळुवारपणा. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काम व्हायच्या आधी गाठ सोडली.

तीन वाजून गेल्यावर योगिनी दचकून उठली. टोक चाचपलं. एकही गाठ नाही.

तिच्या बोटांनी माझ्यावरच्या वळ्या शोधल्या. पण कालच्या दहांच्या आणि आजच्या चारांच्या वळ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. ते वाकड्या बोल्टासारखं कळणारं नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं. चार, योगिनी, चारच. पण पदराला तोंड नसतं.

ती मला खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात गेली आणि साखरेचा डबा हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. तेवढ्यात लंकाबाई आली.

"काय हरवलं?"

"काही नाही, आई. आज बाळ किती हललं तेच आठवेना. झाले असतील दहा. गाठी मीच सोडल्या असतील आणि विसरले असेन. परवा गोळी घेतलेली विसरले, तसंच." तिनं चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं.

लंकाबाई गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. विसरण्याचं खापर फोडायला घरात एक डोकं तयारच होतं. मी तिच्याकडे पाहत होतो. तिनं पुढे होऊन गॅस विझवला.

"तू नाय इसरली," ती म्हणाली. "मी सोडल्या. तू निजली व्हतीस तवा."

योगिनी वळली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. म्हणजे आपण विसरलो नव्हतो, असं तिला वाटलं. मग ते हसू जागीच विझलं.

"किती होत्या, आई?"

"चार. चारच व्हत्या गं."

पुढचं भरभर झालं. शुभांगीनं शेजारच्या नवनाथची रिक्षा बोलावली आणि रविराजला फोन लावला. योगिनी चप्पल घालून निघाली, ती दवाखान्याची फाईल विसरून. फाईल लंकाबाईच्या काखेत होती. विझवलेल्या गॅसची कळ तिनं दोनदा हात लावून पाहिली.

त्रिमूर्ती चौकात सिग्नल लागला. "नवनाथ, जरा दाबून घे बाबा," लंकाबाई म्हणाली. "मावशी, रिक्षाला पंख असते तर उडवली असती," तो म्हणाला, पण त्याचाही आवाज हसत नव्हता. तेवढ्यात योगिनीनं सासूचा हात धरला. "हललं आत्ता. जरासंच."

गाठी नको म्हणणाऱ्या लंकाबाईनं मला ओढलं आणि स्वतःच्या हातानं घट्ट गाठ मारली. तिच्या ओठांवर जात्यावरचा तोच सूर आला:

पाचवी माझी गाठ गं, पाच बोटांच्या हाताला
हाल रे माझ्या बाळा, कान लाविले पोटाला

सहावी गाठ बसली नाही.

दवाखान्यात पोटाला पट्टा लावला. बाळाचे ठोके मंद होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात. आता मात्र थांबायचं नाही." योगिनीला ऑपरेशनसाठी आत नेलं. रविराज कामाच्या कपड्यांतच धावत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

लंकाबाई बाकावर बसली, मला मुठीत घेऊन. तिची बोटं सारखी त्या एका गाठीपाशी जात होती. सोडली तर वाट मोकळी होईल, असं तिचं अर्धं मन सांगत असणार. दोनदा तिनं गाठ सैल केली, दोनदा पुन्हा आवळली. तिच्या घामानं मी ओला झालो. उन्हं खिडकीतून भिंतीवर चढली, तरी गाठ तशीच होती.

मग आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, न थांबणारं.

लंकाबाईनं गाठ सोडली. "झालं काम," ती म्हणाली, आणि मला तोंडाला लावून रडली.

मुलगी होती. चणीनं लहान, म्हणून नऊ दिवस काचेच्या पेटीत राहिली. आता ती मला चघळते. माझ्या टोकाला सध्या दोन गाठी आहेत. एक योगिनीची, घट्ट, लसीच्या तारखेची. दुसरी लंकाबाईची, सैल, त्याच तारखेची. एक विसरली तरी दुसरीची राहते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी बाळाची वाट पाहत असेल आणि आमटीत मीठ दोनदा पडलं, तर हवं तर थोडं हसा. पण तिच्या आठवणीचं एक टोक तुम्हीही धरा. आणि एवढं माझं ऐका, विचारल्याशिवाय कुणाची गाठ सोडू नका. सोडलीच, तर किती होत्या ते लगेच सांगा.