ओळीच्या शेवटचा श्वास

मर्लने हेडफोनच्या उजव्या कपातली जुनी केबल ओढून काढली, नवीचा खटका ऐकू येईपर्यंत तिचे टोक दाबले आणि तो डोक्यावर चढवला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ऐकताना हात हलते असले की कान आळसावतात, असे त्याचे मत होते. ते त्याने कधी सिद्ध केले नव्हते, म्हणून कुणाला सांगितलेही नव्हते.

तळघराच्या कोपऱ्यात घर गरम ठेवणारी भट्टी घुमत होती. ती थांबेपर्यंत तो थांबला. मग गाणे लावले.

पहिल्याच सुराला काहीतरी बिनसले. गाणारी चर्चची तीसेक मंडळी एरवी ऐकताना समोर नीट रांगा करून उभी असत. आज ती धुक्यात शिरल्यासारखी डोक्याच्या चहूबाजूंनी पसरली, आणि खर्जातले पुरुष तर कुठे उभे आहेत तेच कळेना. मर्लच्या कपाळाला आठी पडली. हात पुढे करून तो गाणे बंद करणार, एवढ्यात दुसरे कडवे सुरू झाले आणि त्या धुक्यात, दोन कानांच्या बरोबर मध्ये, एक बाई येऊन उभी राहिली. खालच्या पट्टीतला, किंचित रुंद, थोडा खरखरीत आवाज. एकटीचा.

मर्लने गाणे थांबवले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. ऐकण्याशी चष्म्याचा काही संबंध नव्हता.

ध्वनिमुद्रण त्याचेच होते. तीस वर्षांपूर्वी ख्रिसमसच्या आदल्या रविवारी त्याने चर्चमध्ये दोन मायक्रोफोन स्टँडवर बसवले होते, त्यांच्यातले अंतर पट्टीने मोजले होते आणि वेदीच्या मेणबत्त्यांवरून, गाणे बसवणाऱ्या ओडेगार्डबाईंशी वादही घातला होता. त्याची बायको सिग्ने दुसऱ्या रांगेत डावीकडे, फर्न लिंडालच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. त्या वेळी त्याला मतलब होता तो आवाज स्वच्छ उतरण्याशी. त्यात आपली बायको वेगळी ऐकू येते की नाही, हे बघायचे त्याच्या मनातही आले नाही. बायको घरात दिवसभर ऐकू येतच असे. भांडी विसळताना, मोटारीत, बर्फ उपसताना. तिचे एकटीचे गाणे मुद्रित करण्याचा विषय एकदा निघाला होता, तेव्हा तीच म्हणाली होती, "मी गर्दीतली बाई. मला एकटीला कोण ऐकणार?"

पुढे तिच्या गळ्यात गाठ आली. गाठ साधी निघाली, पण ती काढताना आवाजाची नस दुखावली. सिग्ने वाचली, आवाज गेला. आता ती बोले ते नुसत्या श्वासाने, आणि ते बोलणे शेजारच्या खोलीपर्यंतही पोचत नसे.

तेव्हापासून मर्लला हेडफोनचे वेड लागले. ओळखीच्यांना तो निवृत्त माणसाचा छंद वाटला. कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत उपकरणे खरे बोलतात की खोटे, हे तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो माणूस घरी बसून आणखी करणार काय? आधी एक साधी जोडी आली, मग एक बरी, आणि गेल्या महिन्यात हे प्लॅनर जातीचे. चुंबकांच्या दोन ओळींच्या मध्ये केसाहून पातळ पडदा ताणलेला, आणि डोक्यावर विटेएवढा भार. दरवेळी समोरची मंडळी अधिक स्वच्छ होत. सिग्ने काही त्यांच्यातून वेगळी निघत नसे.

बदलून पाहायची राहिली होती ती फक्त केबल. आणि केबलीबद्दल मर्लचे मत काय, ते डुलुथ शहरातल्या या छंदाच्या प्रत्येक माणसाला पाठ होते. महागड्या केबलीने आवाज सुधारत नाही, तांब्याला आपली किंमत ठाऊक नसते, असे तो म्हणे. एका वर्षी, व्हर्जिल किनुनेनच्या गॅरेजमध्ये सगळे आपापली यंत्रे घेऊन जमले असताना, त्याने दिव्याची जुनी वायर काळ्या जाळीत घालून, टोकाला सोनेरी पिना लावून फिरवली होती. व्हर्जिल स्वतः हौसेने केबली विणतो. त्याने डोळे मिटून त्या वायरच्या खर्जाची तारीफ केली होती. त्यानंतर महिनाभर दोघे चर्चमध्ये एका बाकावर बसले नाहीत.

त्यामुळे मर्लने आपण होऊन फोन करून केबल मागितली, तेव्हा व्हर्जिलने काय हवे ते दोनदा विचारून घेतले.

"मर्ल," शेवटी व्हर्जिल म्हणाला, "तब्येत बरी आहे ना रे?"

आता ती बाई ऐकू आल्यावर मर्लने सिग्नेला तळघरात बोलावले. ती एप्रनला हात पुसत जिना उतरली. आठ तारांच्या काळ्या वेणीकडे तिने पाहिले, मग नवऱ्याकडे.

"काय ते लवकर सांग. सूप गॅसवर आहे."

"नाणे उडवायचे. छापा पडला तर ही काळी लाव, काटा पडला तर जुनी. कोणती लावलीस ते मला सांगायचे नाही."

"सांगणार कशी, ओरडून?"

मर्ल हसला नाही. वजनावरून मानेला केबल ओळखता येऊ नये म्हणून त्याने दोन्ही केबली खुर्चीच्या पाठीला बांधल्या होत्या. त्याने डोळ्यांवर टॉवेल घेतला. लावून झाले की सिग्ने खांद्यावर बोट टेकवी, तो ऐके आणि पाटीवर एक अक्षर लिही.

"कुठले गाणे लावतोयस?" मधेच तिने विचारले.

"ख्रिसमसचे. आपले."

"अजून तेच का?" तिने नाणे उडवले. केबल लावता लावता ती बोलत राहिली. इतक्या जवळून, कानाशी, तिचे बोलणे नीट कळत असे. "ओडेगार्डबाईंचा एक कायदा होता बघ. शेजारच्या दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकीने घेतला तर दुसरीने ओळ धरून ठेवायची. फर्नने पहिल्याच दिवशी ओळीचा शेवट बळकावला. सिगारेटी ओढून ओढून तिचा दम तेवढाच उरला होता. मग राहिले काय मला? शब्दाच्या पोटात शिरून चोरायचा."

"बोलू नकोस ना," मर्ल टॉवेलाखालून म्हणाला. "चाचणी चाललीय."

सिग्नेने खांद्यावर बोट टेकवले, नेहमीपेक्षा जरा जोरात.

तो एकदाही चुकला नाही. पाटी आणि तिची चिठ्ठी शेजारी ठेवून त्याने अक्षर अन् अक्षर ताडून पाहिले.

"म्हणजे शास्त्रज्ञबुवा हरले? व्हर्जिल जिंकला?"

"इतक्यात नाही," मर्ल म्हणाला आणि मल्टिमीटर शोधू लागला.

तासाभरात उलगडा झाला. उजव्या टोकाला व्हर्जिलने धन-ऋण तारा डाख देताना उलट्या जोडल्या होत्या. तिथला पडदा पुढे ढकलायचा तेव्हा मागे ओढला जात होता. चांदीचा मुलामा आणि आठ पदरांची वीण यांचा त्या बाईशी काही संबंध नव्हता. मर्लला हायसे वाटले. विश्व पूर्वीसारखेच चालले होते.

मग त्याने कागद ओढून घेतला. मायक्रोफोन एकमेकांपासून दूर होते. डावीकडे उभ्या असलेल्या माणसाचा आवाज उजव्या मायक्रोफोनला उशिरा पोचणार. खालच्या पट्टीतल्या काही सुरांना हा उशीर बरोबर अर्ध्या लाटेचा भरतो, म्हणजे एक कान ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि असा आवाज गर्दीत हरवतो. उलट्या तारेने ते उलटे पुन्हा सुलटे केले होते. बाकी सगळ्यांना विस्कटले आणि एकाच जागी उभ्या असलेल्या गळ्याला मधोमध आणून ठेवले. ती जागा कोणती, याचे गणित त्याने केले, मग पहिल्या गणिताकडे न पाहता दुसऱ्यांदा केले.

दुसरी रांग, डावीकडे.

पेन्सिल त्याने कागदाच्या कडेशी समांतर ठेवली. डोळे भरून आले होते, पण आकड्यांत चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर व्हर्जिल सूपला आला. आला तोच विजयी मुद्रेने, टोपीवरचा बर्फही न झटकता.

"बोल बोल. मान्य कर. बायकोसमोर मान्य कर."

"फरक आहे," मर्ल म्हणाला.

"सिग्ने, ऐकलेस? आजची तारीख भिंतीवर लिहून ठेव!"

"उजवी बाजू तू उलटी डाखली आहेस."

व्हर्जिलचा चमचा वाडग्याजवळच थांबला. मर्लने मल्टिमीटर लावून दाखवले. व्हर्जिलने टोपी काढली, टकलावरून हात फिरवला.

"अरे देवा. दोघातिघांना दिल्यात मी या खेपेच्या."

"काय म्हणाले ते?"

"आवाज असा विशाल झाला म्हणाले, की जणू भिंतीच नाहीत. एकाने मला ॲपल पाय बनवून पाठवली."

सिग्नेचे खांदे हलू लागले. ती अशीच हसते हल्ली. मग मर्लही हसला आणि शेवटी व्हर्जिल, नाइलाजाने.

"आण इकडे," तो म्हणाला. "गाडीत सोल्डरिंगचे सामान आहे. आत्ताच्या आत्ता सरळ करून देतो. माझ्या हातची चूक तुझ्या घरात ठेवून मला झोप नाही यायची. तू तर मी मेल्यावरही सांगत सुटशील."

मर्लने केबलीवर हात ठेवला.

"थांब जरा." मग बायकोकडे न बघता तो म्हणाला, "सिग्ने, एकदा ऐकतेस?"

शस्त्रक्रियेनंतर ते गाणे तिने लावू दिले नव्हते. मर्ल ते खाली एकटाच ऐके. तिने वाडगे बाजूला सारले. "वर आण," एवढेच म्हणाली.

स्वयंपाकघराच्या टेबलावरच त्याने सगळे मांडले. तिच्या पांढऱ्या केसांवरून तो जड हेडफोन हलकेच बसवला. पट्टा दोन घरे आत घ्यावा लागला. या हेडफोनचे कप बाहेरून उघडे असतात. आतले गाणे खोलीत बारीक पाझरते. फ्रिजचे घुमणे थांबल्यावर मर्लला ते ऐकू येऊ लागले. त्याला ते तसेही पाठ होते.

पहिल्या कडव्यात सिग्ने खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्याला तिची नजर थबकली. तिला बाई सापडली होती. मर्लने टेबलाची कड धरली.

तिचे ओठ हलू लागले. आवाज नव्हताच, पण शब्द अचूक होते, आणि गळ्याखालचा खळगा पूर्वीसारखाच खाली-वर होत होता. ओळ शेवटाकडे आली. कपातून पाझरणारी ती बाई ओळीच्या टोकाला थांबली. थोडीशीच. तिने श्वास घेतला.

सिग्ने थांबली नाही. तिचे ओठ ओळ ओलांडून तसेच पुढे गेले, आणि पुढच्या ओळीत, एका लांब शब्दाच्या पोटात, तिने झटकन हवा आत घेतली.

मर्ल पाहत राहिला. पुढच्या ओळीला तेच झाले. त्याच्या पुढच्या ओळीलाही. गणितात चूक नव्हती. फक्त एका खांद्याएवढा फरक बसवायला त्यात जागा होती.

गाणे संपले. सिग्नेने हेडफोन उतरवला आणि मांडीवर धरला, मांजर धरावे तसा. तिने मर्लकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर तिला काय दिसले कोण जाणे, ती बराच वेळ पाहत होती.

"हो," ती श्वासाने म्हणाली. "मीच ती."

"नक्की?" व्हर्जिलने विचारले.

"माझा आवाज मला कळणार नाही का रे?"

व्हर्जिलने टेबलावर थाप मारली. "मग राहू दे उलटीच! माझी एकुलती एक उपयोगी केबल."

"राहू दे," मर्ल म्हणाला.

त्याने वाडगी उचलली, ओट्यावर नेली आणि विसळायला घेतली. सिग्ने मागून आली, त्याच्या हातातले फडके काढून घेतले आणि एकेक वाडगे पुसू लागली. जाताना तिने त्याच्या गालावर ओला तळवा टेकवला.

व्हर्जिल गेल्यावर मर्ल तळघरात उतरला. भट्टी थांबायची वाट त्याने पाहिली. दुसरे कडवे लावले. फर्न लिंडाल मधोमध येऊन उभी राहिली, खरखरीत, रुंद; त्याने तिच्याकडे लक्ष दिले नाही. ओळीच्या शेवटाची तो वाट पाहत राहिला.

फर्नने श्वास घेतला. त्या फटीत ओळ तुटली नाही. तिथे कुणीतरी ती धरून ठेवली होती.

मर्लने गाणे मागे नेले आणि पुन्हा तेवढेच लावले. हात गुडघ्यांवर होते. या वेळी श्वासही त्याने रोखून धरला होता.