एक किलो इलेक्ट्रॉन

“बाबा, प्रश्नात इलेक्ट्रॉन आहेत. तुम्ही वस्तुमान प्रोटॉनचं धरलंय.”

मुलगी वार्षिक परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन माझ्या ताटासमोर उभी होती. एक किलो इलेक्ट्रॉनांचा एकूण विद्युतभार काढा, हा प्रश्न माझाच. तिचं उत्तर ऋण चिन्हासकट बरोबर होतं आणि त्यावर मी लाल शाईने भलंमोठं शून्य दिलं होतं. तिच्याच शाळेत मी विज्ञान शिकवायचो. मास्तराच्या पोरीला घरीही सुट्टी नसते.

“शाळेतलं शाळेत,” मी वर न बघता म्हणालो. “जेव आधी.”

चार दिवसांनी एक डॉक्टर आपल्या मुलीची उत्तरपत्रिका घेऊन स्टाफरूममध्ये आले. तक्रार तीच. या वेळी मात्र मी चष्मा पुसून आकडेमोड पाहिली. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा अठराशे पट जड, म्हणून माझं उत्तर अठराशे पट कमी आलं होतं! मी डॉक्टरांची माफी मागितली आणि अकरा जणांचे गुण वाढवले. बाराव्या उत्तरपत्रिकेला हात लावला नाही, कारण ती माझ्या घरात होती. मास्तरांनी लेकीसाठी गुण फिरवले, असं कुणी म्हणायला नको. लोकांची मला भारी धास्ती. पोरीला काय वाटेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आज त्याची लाज वाटते.

प्रश्न तीन गुणांचा होता. आमच्या शाळेत विज्ञान शाखेचा प्रवेश याच परीक्षेच्या गुणांवर मिळायचा, आणि तिचा दोन गुणांनी हुकला. आता ती कुरियरच्या काउंटरवर पाकिटं तोलते.

परवा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. थेंब घालायला तीच येते. तिच्याकडे बघत बोलायची माझी छाती नव्हती. डोळे मिटल्यावर म्हणालो, “त्या वर्षी तुझं उत्तर बरोबर होतं गं.”

“माहितीये. डॉक्टरांच्या मुलीनं तेव्हाच सांगितलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. प्रवेशाची यादी लागणार होती ना, त्या सकाळीपण तुमच्या खोलीत येऊन बसले होते. तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात.”

ती सकाळ मला आठवेना.

तिने गालावर ओघळलेला थेंब कापसानं टिपला.

“पाच मिनिटं उघडू नका हं,” ती म्हणाली. तिला कामावर जायला उशीर होत होता. चपलांचा आवाज आला, मग दार लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी डोळे मिटूनच पडून राहिलो.