अजून एक हात

शिडीचा एक पाय आखूड होता. तिने त्याच्याखाली फरशीचा तुकडा सरकवला, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि म्हणाली,

"चढा. पण बेतानं."

तिचा रंगारी नवरा चढू लागला. गुडघ्यांची कुरकुर तिला खाली ऐकू येत होती. शिडीचं नावही काढू नका, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं आणि वर्षभर तिनेच त्याच्यावर पहारा ठेवला होता. आज मात्र माळ्यावरून शिडी तिनेच काढली होती.

उद्या लेक येणार होती. बाळंतपणाची रजा संपत आली होती, कामावर परत जायचं होतं, आणि तान्ह्या पोरीचं काय करायचं यावर तिच्या घरात खल चालला होता. जावयाने पाळणाघर बघून ठेवलं होतं. लेक म्हणाली, आधी चार दिवस आईकडे राहून बघते. ते 'राहून बघते' हिला लागलं होतं. आपल्याच घरात आपली परीक्षा, आणि परीक्षेच्या खोलीत, पाळण्याच्या बरोबर वर, सुपाएवढा पिवळा डाग.

"पाळणा आधी हलवायचास की गं," वरून तो म्हणाला.

"हलवते. तुम्ही तेवढा डाग घालवा."

गल्लीत रंगाऱ्याला सगळे चकाचक म्हणत. घरच तसं होतं. गिऱ्हाईक दारात आलं की भिंती बघूनच काम पक्कं करून जाई. पाऊस सरला की या खोलीच्या छतावर ओल उमटायची, आणि हा गडी ती खरवडून, लांबीचा लगदा भरून, वर ऑइलपेंटचा हात मारून मोकळा व्हायचा. छत गळायचं वरून आणि औषध लागायचं खालून. सुरुवातीला ती बोलली होती. गच्चीवर भेग आहे, एखाद्या गवंड्याला दाखवा.

"गवंडी आला की घर फोडतो," तो म्हणायचा, "रंगारी आला की घर हसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

खरं कारण वेगळं होतं. जन्मभर त्याने गवंड्यांच्या मागून जाऊन त्यांची वेडीवाकडी कामं झाकली होती, आणि चारचौघांत त्यांची टिंगलही केली होती. आता त्यांच्यातल्याच एखाद्यासमोर आपल्या घराचं गाऱ्हाणं मांडायचं म्हणजे स्वतःचं नाक स्वतःच कापून घेणं. ते तिला कळत होतं. मग तीही बोलायची थांबली. तेच तेच बोलून माणूस दमतं, आणि दमलेल्या माणसाला पांढरंशुभ्र छत बरं वाटतं. चादरींना कुबट वास येऊ लागला तेव्हा तिने त्या उन्हात टाकल्या. कपाटामागची भिंत भुसभुशीत झाली तेव्हा कपाट आणखी थोडं भिंतीला रेटलं. दिव्याच्या बटणाला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या, तर ती लाटण्याने दिवा लावायला शिकली. नवऱ्याला नावं ठेवायला तिला आता तोंड राहिलं नव्हतं.

वर तो खरवडत होता. पट्टीचा खरखर आवाज येत होता आणि तिच्या डोक्यावर रंगाचा भुगा पडत होता. मग आवाज थांबला.

तिने मान वर केली. हात लांब करून त्याने डागाच्या मधोमध दाबलेली पट्टी मुठीपर्यंत छतात गेली होती.

"काय झालं?"

"काही नाही. पोपडा आहे."

त्याने पट्टी ओढून काढली. तांबूस पाणी त्याच्या मनगटावरून बाहीत शिरलं. ते त्याने पुसलं नाही. बोटाच्या पेराने तो छतावर ठोकून बघू लागला. डागाजवळ, मग जरा लांब, मग पंख्याच्या अलीकडे. सगळीकडे रिकाम्या डब्यासारखा आवाज. इतक्या लांबूनही तिला तो कळला. तेवढ्यात डागाच्या कडेने एक बारीक रेघ पळत गेली आणि त्याने चटकन तळहात वर टेकवला.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"हात काढा की."

"काढला तर येईल."

"काय येईल?"

"सगळंच."

त्याच्या तळहाताभोवती छताला झोळ आला होता. आतला गिलावा कधीच सुटला होता. इतकी वर्षं चढवलेल्या रंगाची साल तेवढी त्याला धरून होती. भेगेतून गंजलेली सळई दिसत होती. खाली पाळण्यात नवी दुपटी घडी घालून ठेवली होती, त्यांवर भुगा पडला होता.

"ऐक," तो दबक्या आवाजात म्हणाला, "मी धरतो. तू लांबीचा डबा दे. भेगेत दाबून भरली की बसेल. मग अजून एक हात मारतो. उद्यापर्यंत वाळेल."

डबा तिच्या पायाशीच होता.

आणि ती वाकलीसुद्धा. लेक येईल, वर बघेल, सगळं पांढरं दिसेल. नात इथे राहील. सकाळी या घरात रडण्याचा आवाज येईल. नाहीतर पाळणाघर, आणि एकदा बसलेली घडी कोण मोडतं? सणासुदीला दोन तास येतील, चहा घेतील, जातील. ते पोर या घरात हवं होतं तिला.

"बसेल गं," तो म्हणाला. "आजवर बसलंच ना?"

तिने डबा उचलला नाही. एका हाताने शिडी तशीच धरून पायाने चाकांचा पाळणा लोटला, दाराकडे. मग कमरेला खोचलेला फोन काढला.

"कुणाला लावतेस?" तो वरून म्हणाला. "अगं, थांब. काय करतेस?"

लेकीने लगेच उचलला. मागे बाळाची कुरकुर ऐकू येत होती.

"अगं, उद्या येऊ नकोस," ती म्हणाली. "मधल्या खोलीचं छत पडलंय."

"कधी? कुणाला लागलं का? बाबा कुठे आहेत?"

"कुणाला काही नाही. तू घाबरू नकोस."

"मग बाळाचं काय करू मी?"

तिने डोळे मिटले.

"पाळणाघर बघितलंय ना तुम्ही? तिथे ठेव. चांगली काळजी घेतात म्हणे."

"कुठे पडलंय?" शिडीवरून तो कळवळून ओरडला. "खोटं कशाला सांगतेस तिला? मी धरलंय की!"

"आई, बाबा काय म्हणतायत?"

तिने वर बघितलं. त्याचा हात खांद्यापर्यंत भिजला होता.

"काही नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "उतरतायत ते आता."