भाकरीपर्यंत ढील

"पुन्हा मिटलेस," इमॅन्युएल म्हणाला.

प्रिस्किलाने डोळे उघडले तोवर दोरी पाण्यातल्या सागाच्या खुंटाला वेढे घालून बसली होती. मरळ गेली, बेडकी गेली, गळही गेला.

"कुठे मिटले?"

"मग मासा आंधळा होता काय? त्याला खुंट दिसला आणि तुला नाही?"

तिने काठी चिखलात टाकली आणि दोरी सोडवायला पाण्यात शिरली. तो काठावर बसून राहिला, उजवा हात सवयीने खिशात कोंबून. त्या हाताला बोटं नव्हती. मागच्या हंगामात गुजरातेतल्या एका गुऱ्हाळात चरकाने उसाबरोबर तीही ओढून घेतली. मालकाने दवाखान्यात पोहोचवलं, बिस्किटचा पुडा हातात ठेवला आणि त्याच संध्याकाळी चरकावर दुसरा माणूस उभा केला. हे सांगायचं कारण, पुढे ज्याने त्याच हातावर बोट ठेवलं तो काही परमुलखातला मालक नव्हता. तो घरचाच होता.

वीरसिंग. इमॅन्युएलचा चुलतभाऊ, धरणावरच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन आणि रविवारी उंबरफळीच्या चर्चमध्ये "डोळे मिटा" म्हणून प्रार्थना चालवणारा मंडळीचा वडील. पावसाळ्यानंतरच्या बैठकीत तो उभा राहिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, की नियमात स्वतः मासे धरणाराच सभासद असं लिहिलंय. इमॅन्युएलबद्दल सगळ्यांना वाईट वाटतं. पण वाईट वाटून जाळं ओढलं जात नाही. त्याच्या जागी माझा जावई घेऊ.

सभासद बसून होते. सभासद नेहमी बसूनच असतात. धरणात सगळ्यांचीच शेतं बुडाली, त्या बदल्यात पाण्यावर हक्क मिळाला. आता आपल्यातल्याच एकाचा हक्क काढला जातोय हे दिसत असून एकही पाठ जमिनीवरून उठली नाही. उठली ती बाहेर बायांमध्ये बसलेली इमॅन्युएलची बायको, प्रिस्किला.

"नाव माझं लावा," ती म्हणाली.

हसू फुटलं. सगळ्यांत जुना सभासद, म्हातारा गोवालबाबासुद्धा हसला. वीरसिंग मात्र हसला नाही, त्याला मोका सापडला होता.

"लावू की. जाळं काय, कोणीही कोणाकडून ओढवून घेईल. गळ एकट्याचा असतो. पुढच्या बैठकीला सगळ्यांसमोर गळाने मरळ काढून दाखव. ऊन टेकडीमागे जाईपर्यंत वेळ. नाही निघाली, तर दिवाळीनंतर ट्रक येतोच आहे."

ट्रक म्हणजे ऊसतोडीचा. सभासदत्व गेलं की उंबरफळीत दुसरं काही नाही. त्याच ट्रकमध्ये चढायचं, त्याच गुजरातेत उतरायचं, आणि आता इमॅन्युएलला कोयता धरता येत नाही म्हणजे तिने एकटीने, दुसऱ्या कोणाच्या तरी टोळीत. एकट्या बाईचं तिथे काय होतं हे उंबरफळीत कोणी बोलत नाही. माहीत सगळ्यांना आहे.

म्हणून ती गळ शिकत होती. आणि गळ तिला येत नव्हता.

काम दिसायला सोपं. लांब बांबूची काठी, टोकाला तारेची कडी, कडीतून गेलेली नायलॉनची दोरी. उरलेल्या दोरीची वेटोळी पायाशी सैल पडलेली, तिचं शेवटचं टोक खुंटीला. गळाला मांडीतून अडकवलेली जिवंत बेडकी पाणगवताच्या कडेला टाकायची आणि तिला पाण्यावर टुण्‌टुण् नाचवायची. मरळ खालून येते आणि धप्पकन तोंड मारते. इथेच शिकाऊ माणूस फसतो. हात आपोआप झटका देतो आणि बेडकी तिच्या तोंडातून सुटते. कारण मरळ लगेच गिळत नाही. ती बेडकी धरून खाली जाते, फिरते, मग गिळते. तोवर दोरी सैल सोडत राहायची. जरा ताण लागला तर थुंकते.

"किती वेळ सोडायची?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"प्रभूची प्रार्थना म्हणायची. मोठ्याने, घाई न करता. भाकरीपाशी, 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे'पाशी, आलीस की ओढ."

उंबरफळीचे लोक असंच करतात. इमॅन्युएलला त्याच्या बापाने असंच शिकवलं होतं. घड्याळ कोणाकडे नव्हतं, प्रार्थना सगळ्यांकडे होती.

पण प्रिस्किलाला प्रार्थना शिकवली होती तिची आई सोमीबाईने, आणि सोमीबाईचा हात कडक होता. प्रार्थनेत पापणी हलली की टिचकी. "उघड्या डोळ्यांची प्रार्थना पत्र्याला आपटून खाली पडते," असं ती म्हणायची. लहानपणापासूनची ती टिचकी प्रिस्किलाच्या पापण्यांत बसली होती. तोंडातून पहिला शब्द निघाला की डोळे झाकलेच. तेवढ्यात मासा दोरी घेऊन जायचा तिकडे जायचा.

"मनात आकडे मोजते ना मी," ती म्हणाली.

"मोज. परवा मोजलेस. घाबरून कसे पळवलेस आकडे? मासा अजून दात लावत होता तोवर तू ओढून मोकळी."

"तू बोलू नकोस रे. नुसता बसून बोलतोस."

त्याने खिशातला हात आणखी खोल कोंबला. तिलाही कळलं काय बोलून गेली ते, पण परत घेतलं नाही. घरात तेव्हा असंच चाललं होतं. ज्याला येतं त्याच्याकडे हात नाही, जिच्याकडे हात आहेत तिला येत नाही, आणि दोघांनाही एकमेकांचा राग.

मग तोच म्हणाला, "नंदुरबारची मिरची आणू का? पापण्यांना लावू."

"आण. आधी तुझ्या जिभेला लाव."

मासळीची गाडी घेऊन येणारा भटू, रनाळ्याचा, हे सगळं बघत असायचा. एकदा त्याने मोबाईल पुढे केला. परदेशातला कोणी मोटारबोटीत उभा राहून तोंडफाड्या मासा काढत होता, आपल्या मरळसारखाच हावरा.

"ताई, ह्या गोरा लोके दखा. मासा धरतस, मुका लेतस, आन सोडी देतस."

"सोडून देतात? मग खातात काय?"

"ते माले काय ठाऊक."

तिने मोबाईल परत दिला. शिकायला जन्म पडलाय अशांचा खेळ होता तो. तिला सोडून देण्यापुरतासुद्धा मासा मिळत नव्हता.

डोळे उघडे ठेवायला ती शेवटी चुलीपाशी शिकली. भाकर तव्यावर टाकायची आणि प्रार्थना सुरू करायची. डोळे मिटले की भाकर करपते. आधी करपल्या, इमॅन्युएलने मुकाट खाल्ल्या. मग हळूहळू शब्द तोंडात आणि नजर भाकरीवर राहायला लागली. पापण्या फडफडायच्या, पाणी यायचं, पण मिटत नव्हत्या. धरणावर मात्र तिने तसं करून बघितलं आणि त्या दिवशी एकही मरळ आली नाही. म्हणजे खरी परीक्षा व्हायची राहूनच गेली.

बैठकीच्या दिवशी सगळे सभासद काठावर जमले, गाडी घेऊन आलेला भटूही. वीरसिंगने आधीच सांगितलं, की इमॅन्युएलने लांब उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. इमॅन्युएल बाभळीखाली जाऊन उभा राहिला, हात खिशात.

तिने बेडकी टाकली. नाचवली. काही नाही. पुन्हा टाकली. वीरसिंग काठावर येरझाऱ्या घालत होता, पाय आपटून आपटून. मासा कानाने नाही, अंगाने ऐकतो हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी त्याला कोणी थांब म्हणालं नाही.

"दादा, जरा उभे राहता का एका जागी?" ती म्हणाली.

"माझे पाय, माझा काठ. तू तुझं बघ."

ऊन सरकत गेलं. पहिली बेडकी मेली, तिने दुसरी लावली. हात चिकट झाले होते, खांदा ठणकत होता. काठावर जांभया सुरू झाल्या. टेकडीची सावली पाण्यावर उतरली आणि काठाकडे येऊ लागली.

"झालं आता," वीरसिंग म्हणाला. "पोरीने कष्ट केले. त्याला नाही म्हणत नाही."

"ऊन आहे अजून," ती मागे न बघता म्हणाली.

पाणगवताच्या टोकाशी तिने बेडकी शेवटची म्हणून टाकली. एक उडी. दुसरी. आणि पाणी फुटलं.

धप्प.

हाताला झटका द्यायचा होता, तिने तो दाताखाली दाबला. दोरी कडीतून सरकू लागली आणि तिने प्रार्थना सुरू केली, मोठ्याने, चुलीपाशी म्हणायची तशी. पापण्या फडफडल्या. ती पाण्याकडे बघत राहिली.

मागे एक गंमत झाली, जी तिला तेव्हा कळली नाही. सवय तिच्या एकटीची नव्हती. पहिला शब्द कानावर पडला तशा काठावरच्या टोप्या निघाल्या, माना खाली गेल्या आणि उंबरफळीच्या सोसायटीने आपले डोळे मिटून घेतले. जे ख्रिस्ती नव्हते त्यांनीही शेजाऱ्याचं बघून मान वाकवली. ज्या गोष्टीचे साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, नेमकी तीच गोष्ट बघायला एकही सभासद उरला नाही.

दोरी बोटांतून जात होती. सैल, सावकाश. आणि एकदम थांबली.

मासा थांबला नव्हता. ताण होता. तिने खाली बघितलं.

वेटोळ्यांवर पाय होता. अनवाणी, रुंद, भेगाळलेला. वीरसिंगचा. त्याची मान बाकीच्यांसारखीच वाकलेली होती, ओठ प्रार्थनेबरोबर हलत होते, आणि डोळे टक्क उघडे होते. त्या डोळ्यांना तिचे डोळे दिसले. तो दचकला, पण पाय काढला नाही. ओठही थांबवले नाहीत.

ओरडायचं तर प्रार्थना तुटणार, वेळ चुकणार, मासा जाणार. ढकलायचं तर हात मोकळा नाही. दोरी मागून येत नव्हती. मग दोरी आता तिच्या अंगातूनच द्यायला हवी होती. ती पाण्यात शिरली. एक पाऊल, ढील. आणखी एक, ढील. गुडघा, मांडी, कंबर. खालचा चिखल पाय ओढत होता. लुगड्याचा ओचा पाण्यावर फुगला. आवाज तिने खाली येऊ दिला नाही, शब्द तिने गाळला नाही, आणि नजर दोरी पाण्यात घुसत होती तिथून हलवली नाही. दोरी डावीकडे वळली, खुंटाकडे. तीही डावीकडे सरकली.

भाकर आली. तिने काठी दोन्ही हातांनी वर खेचली.

गळ बसला. मरळ अशी उसळली की काठी हातातून जाते की काय असं झालं. तिचा आवाज बंद पडला, पण प्रार्थना अर्ध्यात सोडायची उंबरफळीला सवय नाही. काठावरचे लोक डोळे मिटून ती पुढे म्हणत राहिले. तिने एका हाताने काठी धरली, दुसऱ्याने दोरी मुठीत गुंडाळली, आणि मरळने खोल पाण्याकडे मुसंडी मारली तेव्हा मूठ कापत दोरी तिच्यामागे सणसणत निघाली. वीरसिंगने घाबरून पाय उचलला. उचलताना एक वेटोळं अंगठ्यात गेलं आणि आवळलं.

"आमेन," सगळे म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

दोरीच्या एका टोकाला बाईच्या हातभर लांबीची काळी मरळ पाणी तुडवत होती. मध्ये कंबरभर पाण्यात प्रिस्किला. आणि दुसऱ्या बाजूला सोसायटीचे चेअरमन एका पायावर नाचत होते, दुसऱ्या पायाचा अंगठा पुढे ताणलेला.

"सोड. अगं सोड, तुटतोय," वीरसिंग म्हणाला आणि चिखलात बसला.

"सोडते ना, दादा. मासा बाहेर येऊ द्या."

ती पाठीमागे चालत काठावर आली. मरळ गवतात ओढली, गुडघ्याखाली दाबली, मग दोरी ढिली केली. तिच्या मुठीतून रक्त येत होतं. वीरसिंगच्या अंगठ्यातूनही.

पहिल्यांदा भटू बोलला. त्याने सगळं पाहिलं होतं, त्याचे डोळे उघडे होते. पण माल वीरसिंगकडून घ्यायचा म्हणून इतका वेळ त्याचं तोंड बंद होतं. आता धोका गेला तसा मासे तोलायच्या काट्याकडे बोट करत त्याला विनोद सुचला.

"काटावर आते कोनले ठेवू?"

हसायला सुरुवात झाली. गोवालबाबाने टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"वीरसिंग, दोरीत पाय कसा रे?"

"घसरला."

"प्रार्थनेत उभा होतास. उभ्या उभ्या घसरलास?"

"ती पाण्यात उतरली ते नाही दिसलं तुम्हाला? काठावरून काढायचा ठरला होता."

"आम्हाला कसं दिसेल? आमचे डोळे मिटलेले होते," म्हातारा म्हणाला. "तुला कसं दिसलं?"

वीरसिंग अंगठ्यातलं वेटोळं सोडवायला लागला. 

नाव लागलं. प्रिस्किला इमॅन्युएल, सभासद. न्याय झाला असं कोणी म्हणू नये. काठावर जमलेल्यांना न्याय करायचा असता तर तो त्यांनी पहिल्याच बैठकीत केला असता, बसल्या जागेवरून. एका अंगठ्याला दोरी अडकली म्हणून ते हसले, आणि हसल्यावर पुन्हा वीरसिंगच्या बाजूने मान डोलावणं त्यांना अवघड गेलं, एवढंच. अंगठा अडकला नसता तर ती मरळ काढूनही हरली असती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घरी जाताना मासा इमॅन्युएलने घेतला, डाव्या हातात. 

"डोळे उघडे होते," तो म्हणाला.

"हं."

"डावीकडे सरकलीस ते बरं केलंस. मी असतो तर आधीच सरकलो असतो."

"मग उद्या आधी सांग," ती म्हणाली.

रविवारी वीरसिंग लंगडत चर्चमध्ये आला. अंगठ्याला चिंधी होती. पुढे उभा राहून तो नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "डोळे मिटा." सगळ्या माना खाली गेल्या. सोमीबाईही आली होती, लेकीच्या शेजारी बसली होती. तिचे डोळे मिटलेले होते, म्हणून टिचकी बसली नाही.

प्रिस्किलाने डोळे मिटले नाहीत. समोर बघितलं तर त्याचेही उघडेच होते. ओठ दोघांचे हलत होते. भाकर आली, गेली, आमेन झालं, तोवर दोघांपैकी कोणीही नजर खाली घेतली नाही.