चौथ्या भागाची हमी

"शेवटचं पान स्वतः वाचल्याशिवाय पुस्तक कुणाला सुचवायचं नाही. मीठ न चाखता पाहुण्याला वाढतो का आपण?"

हे वाक्य आधीचे ग्रंथपाल अण्णा यांचं. त्यांच्या जागेवर बाई ग्रंथपाल होऊन सहा वर्षं झाली होती. रोज कपाटांची कुलपं काढताना त्या ते मनात म्हणत, आणि सहा वर्षांत एकदाही त्यांनी ते मोडलं नव्हतं. निदान आज दुपारपर्यंत त्यांची तशी समजूत होती.

दुपारी बाइंडरमावशी मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसल्या होत्या. मावशींचं एक होतं, वाचल्याशिवाय त्या पान चिकटवत नसत. "उलटं चिकटलं तर कोणाच्या नावानं ओरडणार?" असं म्हणत त्यांनी निम्मं ग्रंथालय वाचून काढलं होतं.

"बाई, ते सात दारांचं कॉमिक शिवणबाईला दिलंत?"

"हो. कादंबरीचा चौथा भाग घड्याळजींकडे अडकलाय ना, म्हणून कॉमिकचा चौथा दिला. गोष्ट तीच."

"तीच कुठली? त्यात धाकटी पाताळातच राहते. थोरली एकटी वर येते." मावशींनी ब्रश पुसला. "मी रडले की. डोळे पुसताना खळ लागली भुवईला."

बाईंच्या हातातला तारखेचा शिक्का तसाच राहिला.

सात दारांच्या या गोष्टीची लेखिका बाईंची फार लाडकी. जुन्या पुराणकथा घ्यायची आणि त्यातल्या देवांना स्वयंपाकघरात आणून बसवायची. तिचे देव विसरत, रुसत, दिलेला शब्द पाळताना त्यांच्या नाकी नऊ येत. गोष्ट सांगायची खरी, पण भक्ती कुठे दुखवायची नाही. एकाच कथेवर ती कादंबरी लिही आणि कॉमिकही करी. बाई येईल त्याला तिची पुस्तकं सुचवत. मावशी म्हणत, "बाईंकडे डोकेदुखीची गोळी मागा, त्या पहिला भाग देतील."

शिवणबाई मात्र स्वतःहून आली होती. कपडे शिवणारी, गळ्यात कायम मापाची टेप. "दोन बहिणींचं काहीतरी द्या बाई. माझ्या ताईला वाचून दाखवायचंय. आम्ही दोघी दवाखान्यात भरती होणार आहोत. माझी एक किडनी तिला द्यायचीय. रडकं नको हं."

बाईंनी लगेच कादंबरीचा पहिला भाग काढला होता. थोरली पाताळात अडकते, धाकटी तिला आणायला सात दारं उतरते. सातव्या दारावरचा पहारेकरी म्हणतो, एकीला इथं राहावं लागेल. तेव्हा दोघी आपली अर्धी अर्धी सावली त्याच्यापाशी ठेवतात आणि दोघीही वर येतात. बाई म्हणाल्या होत्या, "शेवट गोड आहे. माझी हमी."

हमी कादंबरीची होती. कॉमिकचे तीन भाग त्यांनी वाचले होते. चौथा नवा आला, त्यावर क्रमांक घातला, आणि गोष्ट पाठच आहे म्हणून तो न उघडताच दिला.

त्यांनी फोन लावला. शिवणबाईच्या आवाजावरूनच कळलं.

"बाई, ताईनं शेवटचं चित्र आधीच बघितलं. कॉमिकात काय, पान उलटलं की दिसतंच. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसलीय. म्हणते, मी वर येईन आणि तू खाली राहशील, मला नको तुझी किडनी. ऑपरेशन उद्या सकाळी आहे. आज संध्याकाळी सहा वाजता डॉक्टर संमतीची सही घ्यायला येतात, आणि ही पेनाला हात लावत नाही."

"ताईंना फोन दे."

थोडी खुडबुड झाली. मग एक थकलेला, पण मिस्कील आवाज आला. "बाई, आमची ही तुमचं नाव देवासारखं घेते. मला एकच सांगा, हे तुम्ही वाचलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. 'छापण्यात चूक झाली' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नाही. न वाचता दिलं. कादंबरीत दोघी वर येतात."

"म्हणजे एकाच बाईनं दोन शेवट लिहिले?"

"हो."

"मग आमचा कुठला?"

बाईंनी डोळे मिटले. "त्याची हमी मी देऊ शकत नाही, ताई. पण सहाच्या आत येते. दोन्ही शेवट वाचून दाखवते. मग तुम्ही ठरवा."

पलीकडून "या," एवढंच ऐकू आलं.

काउंटर मावशींवर सोपवून बाई निघाल्या. घड्याळजींचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, पण आज रस्ता ताणल्यासारखा झाला होता. दर दहा पावलांनी त्या मनगट बघत होत्या. दुकानात भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. बघून जीव आणखीच घाबरला.

"यातलं खरं कुठलं?"

"दारावरचं. पाच वाजून दहा." घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "पुस्तकाला आलात? चाळीसच पानं उरलीत, बाई. सातव्या दाराशी आलोय. आता काढून घेणं म्हणजे ताटावरून उठवणं झालं."

"ठाऊक आहे. तरी मागतेय."

त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. खणातून पुस्तक काढलं, खुणेला ठेवलेला मोडका मिनिटकाटा तसाच आत राहू दिला. "कोणाला हवंय?"

"एकीला. सहाच्या आत."

"शेवट सांगू नका हं मला."

"नाही सांगणार. पण कॉमिकमध्ये निराळा आहे, एवढं आधी सांगून ठेवते. कोणाला तरी सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही."

घड्याळजींनी मान हलवली. "कशातला खरा म्हणायचा?"

"मलाही आजच प्रश्न पडलाय."

बाहेर पायरीवर उभं राहून, मिनिटकाटा न हलवता, बाईंनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. पाठ असलेलं ते पान, तरी त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पुस्तक पिशवीत नीट ठेवलं. अण्णांचं वाक्य ओठांवर आलं, पण शेवट वाचूनही आज हमी देता येत नव्हती; त्यांनी ते अर्ध्यातच सोडलं. पदर खोचला, आणि उजवीकडे ग्रंथालयाकडे न वळता त्या डावीकडे, दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या.