भोकराची पानं

शिंप्याच्या डोळ्याला कुरतडलेला काठ सहन होत नाही. म्हणून बायको कामावर जाताच टेलरदादांनी कात्री घेतली आणि अंगणातल्या भोकराची खराब पानं छाटून कचऱ्याच्या गाडीत टाकली. धड पान त्या झाडावर होतंच कुठे? झाडाचा पार गोटा झाला. बायको खूश होईल म्हणून स्वारी शीळ घालत होती.

बायको संग्रहालयात काम करायची. काळ्या ठिपक्यांचा तो चिमुकला पांढरा पतंग तिने जन्मभर टाचणीला टोचलेलाच पाहिला होता. एकदा तिला तो जिवंत, कोशातून निघताना पाहायचा होता. त्याच्या अळ्या फक्त भोकरावर जगतात. झाडावरच्या अळ्या, टेलरदादांच्या ध्यानातही न येता, कचऱ्याच्या गाडीबरोबर गेल्या. स्वयंपाकघरातल्या बरणीत थोड्या उरल्या होत्या, पण त्यांना आता खायला काही नव्हतं.

संध्याकाळी तिने घरी येऊन झाड पाहिलं. बरणी मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. टेलरदादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरं भोकर होतं अक्काच्या दारात. अक्का त्यांची थोरली बहीण. "घरात किडे पाळतात का कुणी?" असं ती एकदा बोलली आणि तेव्हापासून नणंद-भावजयीत अबोला होता. टेलरदादा तरीही गेले.

"माझी पानं? तिच्या किड्यांना?" अक्काने डोळे वटारले.

"चूक माझी आहे गं. तिचा चेहरा बघवत नाही."

अक्का पुटपुटत स्टुलावर चढली. कोवळी पानं निवडून तिने पिशवी भरली, आणि खातात की टाकतात ते बघायला स्वतःच निघाली.

अळ्या पानांवर तुटून पडल्या.

"अगं बाई, काय हावरट!" अक्का बरणीला नाक लावून बसली. दुसऱ्या दिवशी न बोलावता पुन्हा पिशवी घेऊन हजर. मग रोजच. अळ्यांचे कोश झाले, पानांची गरज संपली, तरी तिचं येणं काही थांबलं नाही.

एका सकाळी कोश उकलला. ओले, चुरगळलेले पंख हळूहळू पसरले. पांढऱ्यावर काळे ठिपके. बायकोच्या डोळ्यांना धार लागली.

"आता याला सोडायचं कुठे?" टेलरदादांनी विचारलं. आपलं झाड अजून बोडकंच होतं.

अक्का खाली बघत म्हणाली, "माझ्याकडे सोडा. खाऊ देत याच्या अळ्या पानं."

बायकोने बरणी उचलली आणि नणंदेच्या हातात दिली.

"झाकण तुम्ही उघडा, वन्सं."