माशीशेजारची रेघ

करकंबला ताईच्या गल्लीतली दोन पोरं तापानं फणफणली, तेव्हा धम्मप्रियानं ताईला वाळूमाशीचं चित्र पाठवलं. "भिंतीला लाव. असली माशी दिसली की कळव. हिच्या चावण्यानं लहान मुलांना मेंदूज्वर होऊ शकतो."

चित्र शंभरेक वर्षांपूर्वीचं, हातानं रंगवलेलं. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या संग्रहालयात चावणाऱ्या कीटकांची अशी बरीच चित्रं होती. बी.एस्सी. झाल्यावर ती स्कॅन करून स्वच्छ करायचं काम धम्मप्रियाला मिळालं होतं. वाळूमाशीचे उभारलेले पंख, बाकदार पाठ, अंगावरचा केसन् केस. चित्रकारानं सूक्ष्मदर्शकातून बघून सगळं उतरवलं होतं. डाग, बुरशी, ओरखडे तिनं कॉम्प्युटरवर मन लावून पुसले होते.

आज दुपारी ताईचा फोन आला.

"धम्मे, तुझी माशी काय घावंना बघ. गोठा झाडला, माळा झाडला. शेजारची बाळाबाई म्हणती, घावली तर कोंबडीसारखी डालून ठिवू!"

धम्मप्रियाला हसू आलं. "अगं, चित्रात मोठी करून दाखवलीय."

"कळतंय की मला तेवढं. पर गोमाशीएवढी तरी असंल का न्हाय? हितं नुसती चिलटं हायत, कोंड्याच्या कणासारखी. भिंतीवर टुणटुण उड्या मारत्यात. आमच्या सम्यकच्या अंथरुणावर बी असत्यात. मी आपली झटकते."

"पंख कसे धरतात गं ती?"

"वर. उभे. का?"

धम्मप्रियानं संग्रहालयाच्या कपाटातून मूळ चित्र ओढून काढलं. माशीच्या बाजूला शाईची एक बारीक रेघ होती, तांदळाच्या दाण्याच्या निम्मीसुद्धा नसेल. तिनं ढेकणाचं चित्र बाहेर घेतलं, पिसवेचं घेतलं. प्रत्येकाशेजारी रेघ होती आणि प्रत्येकीची लांबी वेगळी. कीटकाचं खरं माप! तिच्या पुस्तकांत अशा रेघेखाली आकडा असायचा. इथं आकडा नव्हता, म्हणून ओरखडे समजून तिनं सगळ्या पुसून टाकल्या होत्या, ताईला पाठवलेल्या चित्रातलीसुद्धा.

"ताई, सम्यक कुठाय?"

"निजलाय. सकाळधरनं अंग कोमट हाय. ऊन लागलं असंल."

"उठव त्याला."

पावलं ऐकू आली. "सम्या, ऊठ की रं बाळा." मग परत, मोठ्यानं. मग नुसतंच "सम्या, सम्या, सम्या."

"ताई, ऐक! दाजींना गाडी बघायला सांग. आत्ताच्या आत्ता इकडं सोलापूरला, मोठ्या दवाखान्यात आण."

दवाखान्याच्या दारात जीप थांबली तेव्हा सम्यकची मान दाजींच्या खांद्यावर लोंबत होती. एक हात राहून राहून झटके देत होता. नर्स त्याला घेऊन आत धावली, मागोमाग दाजी. ताई गोधडी कवटाळून बाहेरच उभी राहिली.

"केवढी असती गं ती माशी?"

धम्मप्रियानं पेन काढलं आणि स्वतःच्या तळहातावर ती रेघ ओढली. ताईनं तो हात धरून डोळ्यांजवळ नेला.

"एवढंच सांगितलं असतंस तर..."

धम्मप्रियानं तिच्या हातातून गोधडी घेतली. घडीतून एक फिकट कण टुणकन उडाला आणि किनारीवर बसला. पंख वर, उभे. तिनं अंगठा दाबला. उचलला तेव्हा त्याखाली लाल ठिपका होता.

"आई कोण?" आतून डॉक्टरांनी हाक दिली.